जायला साडेनऊ, यायला सव्वापाच

गंगाखेडच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीशी वाकून कुणी "परभणीची गाडी किती वाजता?" असं विचारलं, की आतून आधी उलट प्रश्न यायचा, "कशाला चाललात?" नवखा माणूस चपापायचा. काहीजण रागवायचेही. आपण गाडीची वेळ विचारतोय आणि हा गृहस्थ आपल्या घरातलं विचारतोय, हे कुणाला आवडेल? पण जुन्या माणसांना सवय झाली होती. ती कारण तोंडात तयार ठेवूनच खिडकीशी यायची. "बापाचा दाखला काढायचाय, साहेब." "दाढ उपटायचीय." मग आतला माणूस क्षणभर डोळे मिटायचा आणि गाडी सांगायचा. हा आतला माणूस म्हणजे माझे मामा, आईचे थोरले भाऊ. गावात त्यांना सगळे चौकशीमामा म्हणत. त्यांचं खरं नाव बहुतेक पगाराच्या कागदावरच उरलं होतं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्या बदल्या चालू, म्हणून आठवीपासून मी गंगाखेडला मामांकडे शिकायला होते. शाळा सुटली की मी स्थानकावर जायची आणि खिडकीच्या आतल्या बाजूला, वेळापत्रकाच्या फळ्याखाली बसून अभ्यास करायची. अभ्यास कमी आणि माणसं बघणं जास्त. एकदा मी धीर करून विचारलं, "मामा, लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?" मामा म्हणाले, "कुठं जायचं ते गाडीच्या पाटीवर लिहिलेलं असतंय. ते वाचायला मी कशाला पाहिजे? कशाला जायचंय ते कळल्याबिगर गाडी सांगता येत न्हाई."

आणि ते खरंच होतं. दाखलेवाल्याला ते सकाळची गाडी सांगत, कारण दुपारी जेवायला उठलेला कारकून परत कधी बसेल याचा नेम नसतो. दाढवाल्याला ते थोडी उशिराची पण कमी थांब्यांची गाडी सांगत, कारण प्रत्येक धक्क्याला त्याचा जीव वर येणार. गोदावरीवर दहाव्याला आलेल्या लोकांना घाटावरून परतायला किती वेळ लागतो, हे त्यांना त्या लोकांपेक्षा अचूक माहीत असे. एक कुटुंब येलदरी धरणाचे उघडलेले दरवाजे बघायला निघालं होतं. त्यांना मामांनी सरळ परत घरी पाठवलं. "दरवाजे काल रात्रीच बंद केले. आता जाऊन भिंत बघणार का?" त्या बाईंनी डब्यातल्या दोन दशम्या काढून मामांना दिल्या आणि मंडळी खरंच परत गेली.

एक शब्द मात्र त्या खिडकीत चालत नसे. 'सहज.' कुणी "सहज चाललोय" म्हटलं, की मामा पेन खाली ठेवत. "सहज कुणी एसटीत बसत न्हाई. आन् सहजची गाडी आपल्याकडं न्हाई." एकदा कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई आली. पिशवी नाही, डबा नाही. कुठे जायचं, तर सोनपेठला. कशाला, तर सहज. मामांनी तिला बाकावर बसवलं, कमलबाईच्या टपरीवरून चहा आणवला आणि अर्धा तास तिच्याकडे बघितलंही नाही. मग ती आपणहून खिडकीशी आली आणि रडत म्हणाली, "सासूनं हात उचलला, साहेब. माहेरी चाललेय." मामांनी गाडी सांगितली, वाहकाला बोलावून तिला माहेरच्या दारापर्यंत पोचवायला सांगितलं. खिडकीशी परत येऊन मला म्हणाले, "सहजच्या खाली लय काही दडलेलं असतंय, पोरी. उचलून बघावं लागतंय."

त्यांची दुसरी सवय म्हणजे गाडी सांगण्याची पद्धत. कुणी फक्त जायची वेळ विचारली तरी ते यायचीही सांगत, आणि वर एक पुस्ती जोडत. "परभणीला जायला साडेनऊ. यायला सव्वापाचला हितं, पण यायची हमी न्हाई." हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडतो, टायर बसतं, ओढ्याला पाणी येतं. जाणारी गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून निघायची, तिची ते छातीठोक खात्री देत. यायची गाडी दुसऱ्या गावातून सुटणार, तिची ते कुणालाही हमी देत नसत. आमदाराच्या माणसालासुद्धा दिली नव्हती. "जे दिसत न्हाई त्याच्यावर सही करायची न्हाई," असं ते म्हणत.

माझं अमेरिकेला शिकायला जाणंही याच खिडकीतून पास व्हावं लागलं. तोवर मामा निवृत्त झाले होते, पण खिडकी त्यांच्या आत शाबूत होती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, नाव होईल. "कुणाचं?" मी म्हटलं, तिकडचं शिक्षण चांगलं असतं. "तू बघितलंस?" तीन आठवडे माझी सगळी उत्तरं परत आली. शेवटी वैतागून म्हटलं, "मला बघायचंय हो, तिथली माणसं कशी राहतात ते!" मामा खूश झाले. "आता खरं बोललीस. ह्याच्यासाठी गाडी हाय." ते मला परभणी स्टेशनावर सोडायला आले. रेल्वे हलता हलता खिडकीचे गज धरून म्हणाले, "जायला साडेनऊ." पुढचं अर्धं वाक्य आलंच नाही. गर्दीत राहून गेलं असेल असं मला वाटलं.

कॉलेज म्हणजे मक्याच्या शेतांमधलं एक छोटं गाव होतं. जेमतेम आठशे पोरं, एक चर्च, एक पेट्रोल पंप, आणि जवळचं शहर तासाच्या वाटेवर. सुट्ट्यांमध्ये मी तिथंच ग्रंथालयात काम करत असे, त्यामुळे चार वर्षांत एकदाही घरी आले नव्हते. दर रविवारी माझ्या सकाळी आठला, म्हणजे मामांच्या तिन्हीसांजेला, फोन व्हायचा. आई खुशाली विचारायची, वडील मार्क विचारायचे. मामा बाकी सगळं विचारायचे. तिथं मेलेल्या गायीचं काय करतेत? मक्याच्या शेतात राखणीला कोण असतंय? म्हातारी माणसं दिवसभर बोलतेत कुणाशी? त्यांच्यामुळे मला प्रश्नांची उत्तरं शोधत गावभर हिंडावं लागे, आणि त्यामुळेच त्या गावात माझी ओळख झाली. पेट्रोल पंपावरचा म्हातारा मला बघितलं की आधीच विचारायचा, "आज तुझ्या मामाला काय हवंय?"

तिकडे हिवाळ्यात घड्याळ एक तास मागं करतात, हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "अख्ख्या देशाचं?" हो म्हटलं. "मग त्या टायमाला गाडीत बसलेल्या माणसाचं काय?" मी हा विचारच केला नव्हता. चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा कळलं, की लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या म्हणे त्या वेळी स्टेशनात तासभर उभ्या करून ठेवतात. वेळापत्रकाच्या आधी निघायचं नाही म्हणून! हे ऐकून मामांना अमेरिकेबद्दल जो आदर वाटला तो कुठल्याही उंच इमारतीनं वाटला नसता. "नियम म्हंजे नियम," ते म्हणाले. "माणसं चांगली दिसायलीत."

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक मोठा अभ्यासप्रकल्प करावा लागे. त्याशिवाय पदवी नाही. मी कॉलेजची व्हॅन विषय म्हणून घेतली. ही व्हॅन कॉलेज आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये फिरायची, कुणीही बसावं. माझ्या प्राध्यापिका हेलनबाई, साठीच्या, शिस्तीच्या, पेन्सिल केसात खोचून विसरणाऱ्या. त्यांच्या सांगण्यावरून मी सहा आठवडे व्हॅनमध्ये बसून माणसं मोजली. निष्कर्ष सरळ होता. व्हॅन रिकामी फिरते, बंद करावी. रविवारी मी हे मोठ्या ऐटीत मामांना सांगितलं. तिकडून प्रश्न आला, "कुठं जातेत ते मोजलंस. कशाला जातेत ते इचारलंस का?"

ज्या खिडकीच्या आत बसून मी मोठी झाले, तिथला पहिला प्रश्नच मी विसरले होते. मामा म्हणाले, "आन् गाडीत न्हाईत त्यांना इचार. ते कशानं न्हाईत?" मग मी मेसच्या स्वयंपाकघरात गेले. तिथल्या सात-आठ बायका वीस मिनिटांवरच्या एका वस्तीत राहायच्या. त्यांना पहाटे पाचला चूल पेटवायची असे, आणि पहिली व्हॅन कॉलेजातून सुटायची सातला. त्या बिचाऱ्या कुणाच्या तरी गाडीसाठी विनवण्या करत, बर्फात उभ्या राहत. मी हे सांगताच मामा हसले. "अगं, ह्यात काय? मुक्कामी गाडी कर!" आपल्याकडे शेवटची एसटी रात्री खेड्यात मुक्कामाला राहते आणि सकाळी तिथूनच सुटते, म्हणून तर खेड्यातली पोरं शाळेत वेळेवर पोचतात. व्हॅन त्या वस्तीत मुक्कामाला ठेवायची. "पण मामा, ड्रायव्हर?" "तो कुठं राहतोय ते इचारलंस का?"

तेही विचारलं नव्हतं. ड्रायव्हरचं नाव रॉय. तो राहायचा नेमका त्याच वस्तीत. गेली अकरा वर्षं तो रोज सकाळी स्वतःच्या गाडीनं कॉलेजात यायचा, व्हॅन काढायचा आणि पुन्हा आपल्याच घरावरून रिकामी घेऊन जायचा. "हे तुला कधी विचित्र नाही वाटलं?" मी म्हटलं. तो म्हणाला, "वाटलं ना. पण मला कुणी विचारलंच नाही." कॉलेजनं वसंतात महिनाभर मुक्कामी व्हॅन चालवून बघितली. पहिल्याच सोमवारी सगळ्या बायका आत होत्या आणि रॉय शिट्टी वाजवत होता. माझा निष्कर्ष मी खोडला. हेलनबाईंनी विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? मी म्हटलं, गंगाखेड बसस्थानक, खिडकी क्रमांक एक. त्यांनी केसातली पेन्सिल काढून ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "मे महिन्यात पदवीदानाला या माणसाला बोलाव. मला त्यांना भेटायचंय."

तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. वडिलांना विमानाची धास्ती, आईचे गुडघे दुखायचे. आईच म्हणाली, "दादालाच जाऊ दे. तिला इथवर त्यानंच आणलं." मामांनी नवा पायजमा शिवला. मुक्कामी व्हॅनच्या पहिल्या फेरीत पुढे, रॉयशेजारी बसायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. हेलनबाईंना विचारायचे प्रश्न कागदावर उतरवले. मी तर मनातल्या मनात त्यांना मक्याच्या शेतांतून फिरवूनही आणलं होतं. चार वर्षांनी त्यांचा चेहरा समोर दिसणार होता. त्या वर्षी मला पदवीपेक्षा त्याचीच ओढ जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

व्हिसाच्या मुलाखतीला मामा मुंबईला गेले. काचेच्या खिडकीपलीकडे एक तरुण साहेब, शेजारी मराठी बोलणारी एक बाई. साहेबानं पहिला प्रश्न विचारला, "कशासाठी चाललात?" मामांना भरून आलं. जन्मभर खिडकीच्या आतून विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होते. "लय हुशार माणूस," ते नंतर मला सांगत होते. "बरोबर तिथूनच सुरुवात केली." त्यांनी सविस्तर सांगितलं. भाची, व्हॅन, स्वयंपाकघरातल्या बायका. साहेब हसत होता. मग त्यानं विचारलं, "आणि नक्की परत याल ना?"

मामा म्हणाले, "साहेब, जायची वेळ सांगता येती. यायची हमी कुणाला देता येत न्हाई."

बाईंनी म्हणे त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं. साहेबानं पुन्हा विचारलं. मामांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी उसाच्या ट्रॉल्यांसकट. वर त्यालाच विचारलं, "तुमी घर सोडून एवढ्या लांब आलात. तुमी दिली होती का हमी कुणाला?" साहेबानं पासपोर्ट परत केला आणि सोबत एक छापील कागद दिला. मामांना त्यातलं एवढंच कळलं, की ही गाडी रद्द झाली.

मी फोनवर ओरडले. "मामा, नुसतं 'हो' म्हणायचं होतं! एक शब्द!" ते म्हणाले, "तीस वर्षं खिडकीत बसून कुणाला खोटी गाडी सांगितली न्हाई. आता म्हातारपणी सांगू?" मी फोन आपटला. पुढचे दोन रविवार मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. तिसऱ्या रविवारी मीच केला, आणि दोघंही त्या विषयावर अवाक्षर बोललो नाही. माझा राग त्यांच्यावर नव्हताच. त्यांना हो म्हणता आलं असतं तर ते चौकशीमामा राहिले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या दोन रविवारांची चुटपुट अजून जात नाही.

मे महिन्यात पदवी मिळाली. हेलनबाईंनी पहिल्या रांगेत माझ्या पाहुण्यांची एक खुर्ची रिकामीच राखली होती. रॉय नको नको म्हणत असताना मी त्याला तिच्यावर बसवलं. संध्याकाळी मी मामांना चित्रफीत पाठवली. त्यांचा फोन आला तो थेट प्रश्नावरच. "ती चौकोनी टोपी डोक्यावर कशानं टिकती?" मी म्हटलं, केसांच्या पिना लावतात. "आन् टकलं असलं तर?" मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले.

त्याच फोनवर मी सांगून टाकलं, की मला तिथंच एका शहरात बसगाड्यांचं नियोजन करणाऱ्या कचेरीत नोकरी मिळाली आहे. मामांनी कचेरीबद्दल वीस प्रश्न विचारले. फळा हाय का? नियंत्रक किती? बायका गाडी चालवतेत का? पण 'परत कधी येणार?' हा प्रश्न आला नाही. मग माझ्या लक्षात आलं, की चार वर्षांत तो कधीच आला नव्हता. आई विचारायची, वडील विचारायचे, शेजारच्या काकूही विचारायच्या. जगातलं सगळं विचारणाऱ्या माणसानं तेवढं एक मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला हमी द्यावी लागली असती, आणि ती खोटी ठरू शकते हे माहीत असलेला आमच्या घरात एकच माणूस होता.

मामा पुढच्या उन्हाळ्यात गेले. मी तिकडे होते आणि वेळेवर पोचले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट त्याचा करायचा नाही. त्याआधी पौषात मी दोन आठवड्यांच्या रजेवर आले होते, तो करायचा आहे.

येतेय हे मी कुणालाच कळवलं नव्हतं. परभणीला उतरले आणि मुद्दाम गंगाखेडची एसटी धरली. उसाचा हंगाम ऐन भरात. ट्रॉल्यांच्या मागे गाडी रांगत होती. सव्वापाचला पोचायची ती सहाला स्थानकात शिरली. धूळ, तिरपं ऊन, कमलबाईच्या टपरीचा धूर. आणि चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर मफलर गुंडाळून मामा बसले होते. वाळले होते. गाडीच्या दाराकडे बघत होते, उतरणारा एकेक माणूस बघत होते. मी सगळ्यांत शेवटी उतरले.

त्यांनी मला बघितलं आणि उठायचं विसरले. मी पाया पडले. टपरीवरून कमलबाई ओरडली, "आली का गं बाई! मे महिन्यापासून रोज सव्वापाचच्या गाडीला येऊन बसायलेत. कुणाला घ्यायला आलात इचारलं तर सांगत न्हाईत. घरी जा म्हणलं तर जात न्हाईत."

मामा मान खाली घालून मफलर नीट करायला लागले. मी शेजारी बसले. आणि विचारलंच, कारण विचारायचं त्यांनीच शिकवलं होतं.

"मामा, इथं कशाला येऊन बसता?"

त्यांनी गाडीकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"सहज," ते म्हणाले.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि पुढे काही विचारलं नाही.